काठ आणि पीळ

हॉलमधलं कार्पेट बदलायचं, हा विषय आमच्या घरात तीन वर्षं चालू होता. घर घेतलं तेव्हाच बसवलेलं, ओल्या वाळूच्या रंगाचं ते कार्पेट इतकं दबलं होतं की दारापासून सोफ्यापर्यंत आणि सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत त्यावर चक्क पायवाटा पडल्या होत्या. या घरात कोण कुठं बसतं आणि रात्री कोण किती वेळा उठून खायला शोधतं, हे पाहुण्याला न विचारता कळावं. शेवटी मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही दोघं अटलांटाहून उत्तरेला, डाल्टनच्या रस्त्याला लागलो.

जॉर्जियातलं डाल्टन हे गाव स्वतःला जगाची कार्पेट राजधानी म्हणवून घेतं. त्यात फार फुगवटा नाही. अमेरिकेत तयार होणारं बहुतेक कार्पेट या गावाच्या आसपासच्या गिरण्यांतून निघतं. हमरस्त्याच्या कडेला गोदामांसारखी दुकानं, आणि आत बारा-बारा फुटी गुंडाळ्या एकावर एक रचलेल्या. इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला अशा जागी पाऊल टाकताच घरी आल्यासारखं होतं. सुताला लागलेलं तेल, पुठ्ठ्याच्या नळ्या, कोरा माल. धागा नायलॉनचा असला म्हणून काय झालं, धंद्याचा वास तोच.

दुकानदार साठीचा, सावकाश बोलणारा. त्यानं एक नमुना पुढं सरकवला. लांब लव, आणि प्रत्येक धागा आपापल्या दिशेला वाकलेला, जावळ नुकतं दाट व्हायला लागलेल्या बाळाच्या डोक्यासारखा. "हे फ्री-झे," तो म्हणाला, "घरात मुलं-कुत्री असतील तर हेच न्या." नमुन्याच्या पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी मी वाचली आणि माझ्या तोंडून निघालं, "फ्रीझ?"

तो हसला. "धंद्यात आम्ही फ्री-झे म्हणतो, मॅडम. फ्रीझ देवळावर असतो."

मराठी कानाला हा शब्द आधीच अडचणीचा. रात्री फोनवर आईला सांगितलं की फ्रीझे कार्पेट पाहून आलो, तर ती म्हणाली, "जुना फ्रीज चांगला चाललाय की!" पण मला अडवलं होतं ते स्पेलिंगनं. देवळावरचा फ्रीझ आणि पायाखालचा फ्री-झे, दोघांची अक्षरं सहाच्या सहा तीच. मी पुण्यात आर्किटेक्चरची दोन वर्षं केली आणि सोडलं. त्या दोन वर्षांतलं फारसं काही उरलं नाही, पण ग्रीक देवळातल्या डोरिक खांबाचं शाईतलं रेखाचित्र उरलं आहे. मोठ्या कागदावर तीन रात्री जागून काढलेलं आणि चौथ्या दिवशी एका थेंबानं घालवलेलं. खांबांच्या डोक्यावरून आडवी जाते ती तुळई म्हणजे आर्किट्रेव्ह. अगदी वर बाहेर आलेला कंगोरा म्हणजे कॉर्निस. आणि या दोहोंच्या मध्ये जो पट्टा राहतो तो फ्रीझ. माझा थेंब पडला होता तो बरोबर फ्रीझवर.

डोरिक फ्रीझमध्ये एकाआड एक दोन गोष्टी येतात: उभ्या खाचा असलेला ठोकळा, म्हणजे ट्रायग्लिफ, आणि दोन ठोकळ्यांमधली चौकोनी पाटी, म्हणजे मेटोप. मेटोपवर शिल्प कोरायचं. ट्रायग्लिफ कशासाठी, याचं उत्तर रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस देऊन गेला आहे: पूर्वी देवळं लाकडाची असत, तेव्हा छताच्या वाशांची टोकं भिंतीवर दिसत, ती टोकं फळ्या ठोकून झाकत, आणि दगडाची देवळं झाली तरी ती खूण गवंड्यांनी सोडली नाही. त्याखाली दगडात कोरलेले बारीक थेंब दिसतात, ते म्हणे लाकडी खुंट्यांचे. आजच्या अभ्यासकांना हे जसंच्या तसं पटत नाही. पण कार्ल्याच्या चैत्यात मान वर करून छताच्या खऱ्या लाकडी कमानी ज्यानं पाहिल्या आहेत, त्याला यात नवल वाटायचं कारण नाही. डोंगर कोरून काढलेल्या सभागृहाला वाशांची काय गरज? पण सुतार गेला तरी त्याची सवय राहते.

हे झालं लाकडाचं. फ्रीझ या शब्दाच्या पोटात मात्र लाकूडही नाही आणि दगडही नाही, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

दुकानात मी नमुन्यातला एक झुबका चिमटीत धरून उलगडायला गेले. ही सवय अण्णांची. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि पुढं गल्लीगल्लीत खडखडाट सुरू झाला, पण आमच्या वडलांकडे माग नव्हते. त्यांचा सूत दुहेरी करून पीळ द्यायचा छोटा कारखाना होता. फुल वायलच्या साड्यांना घट्ट पिळाचं सूत लागतं; कापड झिरझिरीत राहूनही अंगाला चिकटत नाही ते त्या पिळामुळे. पीळ जसा चढवावा तसं सूत हट्टी होतं. ताण सोडला की स्वतःभोवतीच गिरक्या घेतं, अढी पडते, आणि मागावर गेल्यावर तिथंच तुटतं. म्हणून त्याला वाफ द्यायची. अण्णांचं एकच पालुपद असे: "पीळ कुणीबी दील. बसवणार कोण?" कुणाच्याही घरी गेले तरी ते टॉवेलाची नाहीतर पडद्याची दशी चिमटीत धरत, दुसऱ्या हातानं उलट फिरवत, मनात मोजत, आणि यजमानांना इंचाला किती पीळ आहे ते सांगत. यजमानांना हे नको असे.

माझ्या चिमटीतला झुबका उलगडला, पण सोडताच पुन्हा होता तसा झाला. दोन्ही धागे एकमेकांना वेढून बसले. मी पुन्हा उलगडला. तो पुन्हा गुंडाळला. अण्णांच्या सुतानं असं कधी केलं नव्हतं.

दुकानदार पूर्वी गिरणीतच होता. खुर्ची ओढून तो सांगत बसला, आणि नवरा गाडीतून पाण्याची बाटली आणायच्या निमित्तानं सटकला. नायलॉनचे अखंड तंतू आधी गरम हवेच्या झोतात कोंबून कुरळे करतात, म्हणजे धागा फुगतो. मग असे दोन धागे एकमेकांभोवती पिळतात. साध्या कापीव कार्पेटात इंचाला चार-पाच पीळ असतात. फ्री-झेत सात, आठ, कधी त्याहून जास्त. त्यानंतर एक खोड आणखी: पिळलेला धागा एका अरुंद पेटीत ढकलत नेतात, तो आत दाटीवाटीनं दुमडतो, आणि त्या वेड्यावाकड्या अवस्थेतच त्याला दाबाखालच्या वाफेत, सुमारे १३० अंश सेल्सिअसवर, नेतात. उष्णतेनं नायलॉनच्या रेणूंमधले धरबंध सुटतात आणि थंड होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. तेव्हापासून धाग्याच्या लेखी तो वाकडेपणा हाच त्याचा मूळ आकार. कापूस वाफेनं गप्प बसतो, धुतला की आठवणी काढतो. नायलॉन विसरूनच जातं की आपण कधी सरळ होतो.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण ताठ माणसाला टोमणा म्हणून वापरतो. इथं एका अख्ख्या धंद्याचं भांडवल त्यावर उभं आहे.

आणि पायवाटांचं काय? गुळगुळीत कार्पेटावर सगळे धागे एकाच बाजूला झुकलेले असतात. पाय पडला की तेवढे धागे दुसरीकडे झुकतात, उजेड वेगळा परततो आणि आपल्याला पाऊल दिसतं. मखमलीवर बोट ओढल्यावर दिसतं तसंच. फ्री-झेत मुळात कुणाची दिशा कुणाशी जुळतच नाही, मग बिघडणार काय? शिस्तच नाही म्हणून शिस्तभंगही नाही. ("आपल्या घरासाठी बरोबर आहे," नवरा बाटली घेऊन परतताना म्हणाला.)

डाल्टनचा हा सगळा पसारा एका मुलीच्या हातून सुरू झाला, ही गोष्टही मला त्याच खुर्चीवर कळली, आणि नंतर वाचली तेव्हा खरी निघाली. कॅथरीन इव्हान्स. १८९५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिनं जुन्या धर्तीची एक चादर पाहून तशी स्वतः केली. जाड सूत कापडातून ओवायचं, फास कापायचे, आणि चादर उकळत्या पाण्यात धुवायची, म्हणजे कापड आटतं आणि टाके घट्ट धरून ठेवतं. कापलेली टोकं फुलतात. १९०० साली तिनं पहिली चादर विकली, अडीच डॉलरला. मग मागणी वाढली, शेजारणी शिकल्या, घराघरात सूत वाटलं जाऊ लागलं. हमरस्त्याच्या कडेनं बायका दोऱ्यांवर चादरी वाळत घालून विकायच्या. मोराच्या नक्षीला इतका खप होता की त्या रस्त्याला लोक मोरांची गल्ली म्हणू लागले. पुढं टाके घालायला यंत्र आलं, सुया वाढत गेल्या, चादरीचं गालिच्यात रूपांतर झालं. आजही कार्पेट विणत नाहीत, टाके घालतात: तयार कापडात शेकडो सुया एकदम धागा खुपसतात आणि मागून लॅटेक्सचा लेप देऊन ते पक्के करतात. म्हणजे जे आपण अंथरतो ते खरं तर भरतकाम आहे.

भरतकाम हा शब्द इथं सहज आला, पण पुढं त्याचाच उपयोग झाला.

घरी येऊन मी कोश उघडले. कार्पेटवाला फ्री-झे सरळ आहे. फ्रेंचमध्ये कुरळं करणं यासाठी जो शब्द आहे त्यावरून तो आला. त्याच घराण्यातलं एक जाडंभरडं, एका अंगानं लव काढलेलं लोकरी कापडही आहे, आयर्लंडच्या शेतकऱ्यांच्या कोटांचं. देवळावरचा फ्रीझ मात्र बहुतेक कोशांत वेगळ्या वाटेनं येतो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये फ्रिजियम म्हणजे भरतकामाचा काठ, आणि फ्रिजियम म्हणजे फ्रिजियाचं काम. फ्रिजिया हा आजच्या तुर्कस्तानातला, मध्य अनातोलियाचा मुलूख. ज्याच्या स्पर्शानं सोनं होई तो मिडास राजा तिथला. जी गाठ सुटेना म्हणून सिकंदरानं तलवारीनं तोडली तीही तिथलीच, गॉर्डियनची. सुईनं भरणं ही फ्रिजियन लोकांचीच कल्पना, असं रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे, आणि भरतकाम करणाऱ्याला लॅटिनमध्ये शब्दच फ्रिजिओ असा होता. पाद्र्यांच्या झग्यांना सोन्याच्या तारेची जी पट्टी लावत तिच्या नावातही फ्रिजिया आहे.

म्हणजे देवळाच्या माथ्यावरच्या त्या दगडी पट्ट्याला लोकांनी नाव दिलं ते कापडावरून. जरीचा काठ. मी शाईचा थेंब पाडला होता तो काठावर.

इतकं वाचून मी तिथंच थांबायला हवं होतं, पण फ्रिजियात आणखी एक गोष्ट सापडली. एस्किशेहिरच्या दक्षिणेला यझिलिकाया गावी एका उभ्या कड्यावर देवळाचा दर्शनी भाग कोरला आहे, मिडासचं स्मारक म्हणून ओळखला जाणारा. वर त्रिकोणी छपराचा आकार, आणि खाली सगळी भिंत चौकटी-चौकटींच्या, एकात एक अडकत जाणाऱ्या भौमितिक नक्षीनं भरलेली. छायाचित्र पाहिलं की पहिल्या क्षणी वाटतं, कुणी तरी कड्यावर गालिचा वाळत घातलाय.

त्याच उन्हाळ्यात इचलकरंजीला जाताना दोन दिवस लंडनला थांबलो. ब्रिटिश म्युझियमच्या १८ नंबरच्या दालनात अथेन्सच्या पार्थेनॉनचा, अथीना देवीच्या देवळाचा, फ्रीझ आहे, म्हणजे त्यातला जवळपास निम्मा. सगळा मिळून तो १६० मीटर लांब होता आणि जेमतेम एक मीटर उंच. त्यातले सुमारे ७५ मीटर इथं, उरलेल्यातला बराचसा अथेन्समध्ये. पार्थेनॉन बांधायला घेतलं इसवी सनापूर्वी ४४७ साली, आणि शिल्पकाम ४३२ पर्यंत चाललं. देऊळ डोरिक, बाहेरून सगळीकडे ट्रायग्लिफ-मेटोपचा पट्टा, ९२ मेटोप. पण आत, बाहेरच्या खांबांच्या मागं, गाभाऱ्याच्या भिंतीच्या माथ्यावरून त्यांनी दुसऱ्याच शैलीचा, आयोनिक फ्रीझ फिरवला. ठोकळा-पाटी, ठोकळा-पाटी अशी मोजणी नाही. एक अखंड मिरवणूक. घोडेस्वार, रथ, म्हातारे, वादक, खांद्यावर घागरी घेतलेली पोरं, बळीच्या गाई, आणि पूर्वेला बसलेले देव.

आता यातली गंमत अशी की जिथं तो होता तिथं तो नीट दिसतच नसणार. जमिनीपासून सुमारे १२ मीटर उंचावर, छताच्या सावलीत, खांबांच्या आड. उजेड येणार तो खालच्या संगमरवरावरून परतून. कारागिरांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी वरच्या बाजूचं कोरीव काम खालच्यापेक्षा जास्त खोल ठेवलं, म्हणजे घोड्यांची डोकी पायांपेक्षा पुढं येतात. आणि ही सगळी खोली किती? पाच-सहा सेंटिमीटर. एवढ्यात एकामागं एक चार-चार घोडे धावतात. वर रंग होते. लगाम ब्राँझचे होते. ते गेले, पण ते बसवायची छिद्रं घोड्यांच्या तोंडापाशी अजून आहेत. म्युझियममध्ये हे सगळं डोळ्यांच्या पातळीवर आणि आतल्या बाजूला तोंड करून लावलंय. देवळावर मिरवणूक इमारतीच्या बाहेरून फिरत होती. इथं ती खोलीच्या आतून फिरते. सदरा उलटा घातल्यासारखं.

मी पूर्वेच्या मधल्या पाटीपुढं उभी राहिले. एवढी १६० मीटरची धावपळ, दोन्ही बाजूंनी येऊन मिळते ती या पाटीशी. आणि तिथं काय चाललंय? एक दाढीवाला माणूस आणि एक मूल मिळून कापडाची घडी घालताहेत.

बस्स. दोघं कापड धरून आहेत. रविवारी दुपारी आपण दोघंजण मिळून चादरीची घडी घालतो तसं. देव दोन्हीकडे बसलेत आणि त्यांची पाठ या कापडाकडे आहे, तेही घरातल्यासारखंच. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे कापड म्हणजे अथीनाचा पेप्लॉस, देवीला दर चार वर्षांनी पानाथेनाइया उत्सवात अर्पण करायचं वस्त्र. वेगळं मत मांडणारेही आहेत. कुणाला या दृश्यात राजकन्येच्या बळीची तयारी दिसते. मला त्या वादात पडायचं नाही. मी पाहत होते ते कापडाची कड. घडीच्या टोकाला दगडात ती जरा जाड, वेगळी दाखवली आहे. ज्यानं हे कोरलं त्यानं कापड हातात घेतलं असणार. कड विणलेली आहे, कापलेली नाही, हे त्याला सांगायचं होतं, तेही १२ मीटर उंचीवर, जिथं कुणालाही ते दिसणार नव्हतं.

या पेप्लॉसची तयारी नऊ महिने आधी सुरू होई. मागावर ताणा चढवायचा मान चांगल्या घरच्या लहान मुलींचा, सात ते अकरा वर्षांच्या. मग इतर मुली-बायका विणत. रंग केशरी, आणि त्यावर विणलेलं चित्र देव-दैत्यांच्या लढाईचं. आणि त्यांचा माग आपल्यासारखा आडवा नव्हे. दोन उभे खांब, त्यांच्या डोक्यावर आडवी तुळई, तुळईवरून ताण्याचे धागे खाली सोडलेले, आणि खाली ताणासाठी मातीची वजनं बांधलेली. विणकाम वरून खाली. पण वरून सुरुवात करायची तर धागे तुळईला धरणार कसे? त्यासाठी त्या बायका आधी एक अरुंद पट्टी विणत, आणि विणताना तिच्या बाण्याचे धागे एका बाजूनं लांबच लांब सोडत. ती पट्टी तुळईला शिवली की ते सोडलेले धागे खाली लोंबत, तोच ताणा.

म्हणजे त्या मागावर काठ आधी होतो आणि कापड नंतर. काठ शोभेला जोडलेला नसतो. सगळं कापड त्याला लोंबत असतं.

उभे खांब, वर तुळई, तुळईवर नक्षीचा पट्टा. मी पाटीपुढून मागं सरकले आणि संबंध दालनभर पाहिलं. देऊळ मागासारखं बांधलंय असं म्हणायची माझी छाती नाही. मी आर्किटेक्चर दोन वर्षांत सोडलेली बाई आहे. पण मागाच्या गावात वाढले आहे, आणि तिथं उभी असताना मला दुसरं काही दिसेना.

खरा पेप्लॉस अर्थातच राहिला नाही. एकही नाही. त्याच्यावरची देव-दैत्यांची लढाई मात्र दगडात उतरली. पार्थेनॉनच्या पूर्वेच्या मेटोपांवर ती होतीच. आणि पुढं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामनच्या वेदीवर तिचा ११३ मीटर लांबीचा फ्रीझ झाला, माणसाहून उंच, पिळदार, केसांचे झुपके उडवत पायऱ्यांवर येऊन पडणारे दैत्य. कापडात सोन्याची तार विणायची युक्ती पर्गामनच्या अ‍ॅटॅलस राजाची, असं पुन्हा प्लिनीच सांगतो. प्लिनीचं सगळंच खरं मानू नये, पण कापडवाल्यांची नावं एवढ्या काळजीनं लिहून ठेवणारा माणूस मला आवडतो.

पार्थेनॉनचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १६८७ साली तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता, व्हेनिसच्या तोफेचा गोळा त्यावर पडला आणि देऊळ मधोमध फुटलं. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १८०१ पासून, ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी शिल्पं उतरवायला सुरुवात केली. फ्रीझच्या पाट्या जाड होत्या, जहाजावर वजन होणार, म्हणून त्यांनी पाट्यांच्या पाठी करवतीनं कापून टाकल्या आणि नक्षीचा पुढचा थर तेवढा नेला. १८१६ साली ब्रिटिश संसदेनं एल्गिनचा सगळा संग्रह ३५,००० पौंडांना विकत घेतला. आमच्या आजीची एक पैठणी विरली तेव्हा आईनं तिचा काठ उसवून नव्या साडीला लावला होता. ते तिनं केलं कारण साडी विरली होती, आणि साडी तिच्या सासूची होती. दालनातून बाहेर पडताना मला त्या करवतीचा आवाज ऐकू येत होता, आणि विरलं काय होतं, कुणाचं होतं, हे दोन्ही प्रश्न.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर आणखी एक गोष्ट आठवली, तीही आईच्या कपाटातली. तिच्या एका टसर साडीला करवतकाठ आहे, विदर्भातला. काठ आणि अंग यांचे धोटे वेगळे, आणि दोन्हींचा रंग एकमेकांत अडकतो तिथं दातेरी कड तयार होते. त्याच दात्यांना हल्ली दुकानात टेंपल बॉर्डर म्हणतात. देवळाच्या शिखरांची ओळ दिसते ना, म्हणून. साडीच्या काठाला देवळाचं नाव, देवळाच्या काठाला भरतकामाचं. कोण कुणाकडे उसनं मागायला आधी गेलं, हे आता दोघांनाही सांगता येणार नाही.

इचलकरंजीला पोचलो ते भर पावसात. अण्णांचा कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथं आता कुणीतरी मोटारसायकलींचे सुटे भाग ठेवतो. अण्णा दुपारचे ओसरीवर बसतात. मी पर्समधून डाल्टनचा झुबका काढून त्यांच्या हातात ठेवला. काही सांगितलं नाही.

त्यांनी आधी तो उजेडाकडे धरला. मग चिमटीत घेऊन उलट फिरवला. दोन वेळा फिरवला. सोडला. तो होता तसा झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नायलॉन?"

"हो."

"आठ आहे इंचाला. आठ तरी." पुन्हा उलगडला, पुन्हा सोडला. "वाफ चांगली दिलीय."

चहा येईपर्यंत ते तेवढंच करत होते. मी त्यांना पेटीची गोष्ट सांगितली, १३० अंशांची सांगितली. ते मान हलवत होते. मग मी फोनवर आमच्या हॉलचा फोटो दाखवला, नवं कार्पेट बसवल्यानंतरचा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं एकसारखं, करडं, कुरळं. चारी कडांना भिंतीलगत खिळ्यांच्या पट्ट्या असतात आणि कार्पेट ताणून त्यांत अडकवतात, तेही सांगितलं.

अण्णांनी फोन जवळ घेतला, लांब धरला. बोटानं स्क्रीनवर भिंतीच्या कडेकडेनं काहीतरी शोधलं.

"ह्याला काठ कुठाय?"

"काठ नसतो अण्णा. बारा फुटी गुंडाळी येते, खोलीच्या मापानं कापायची, झालं."

त्यांनी फोन परत दिला.

"बिनकाठाचा म्हणजे गालिचा नव्हे," म्हणाले. "तागा हाय तो." आणि झुबका सदऱ्याच्या खिशात टाकला.